थाळी फिरते, अन्न तापत नाही

यंत्र दोन प्रकारांनी बिघडते. एक यंत्र बंद पडते. दुसरे चालूच राहते, परंतु ज्या कामासाठी ते घरात आणले ते काम मात्र करीत नाही. पहिल्या प्रकारचा बिघाड एका अर्थी प्रामाणिक म्हणावा लागेल. विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणजे तो बंद पडला हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळते. दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाची गोष्ट निराळी. मायक्रोवेव्ह भट्टीचे उदाहरण घेऊ. बटण दाबताच आतला दिवा लागतो, पंखा घोंघावतो, काचेची थाळी संथपणे फिरू लागते, आकडे एकेक करून उतरत जातात आणि अखेरीस घंटा वाजते. दार उघडून पाहावे तो आतले अन्न ठेवले होते तितकेच थंड! सगळे विधी यथासांग पार पडले, फक्त ज्यासाठी विधी मांडला होता तेवढेच घडले नाही.

हा विषय स्वयंपाकघरातला आहे, साहित्यविषयक त्रैमासिकात त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. परंतु या बिघाडात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत असे आम्हांस वाटते. हालचाल आणि कार्य या दोहोंत फरक कोणता, हा पहिला प्रश्न. आणि जे ज्ञान आपल्यापाशी आहे पण समोरच्यापाशी नाही, त्याचा वापर आपण कसा करावा, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाची झळ आपल्या प्रत्येकाच्या घरखर्चाला आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीला लागते.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. या भट्टीचे हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन नावाची नळी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघा शास्त्रज्ञांनी १९४० साली तिचे प्रभावी रूप सिद्ध केले, ते युद्धातील रडारसाठी. पुढे अमेरिकेत रडारच्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊची वडी अशा नळीजवळ उभे असताना वितळली, आणि त्यातून १९४५ साली अन्न तापवण्याची कल्पना निघाली, असे सांगतात. स्पेन्सर यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. जे शिकले ते स्वतःच्या कष्टाने. १९४७ साली बाजारात आलेली पहिली भट्टी जवळजवळ सहा फूट उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी १९६७ साली अमेरिकेत आली, आणि पुढे यथावकाश आपल्याकडेही पोहोचली.

तिची रचना पाहिली की बिघाडाचे कोडे उलगडते. दिवा, पंखा, थाळी फिरवणारी लहान मोटर आणि घड्याळ ही मंडळी घरातल्या नेहमीच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालतात. मॅग्नेट्रॉनची गरज मात्र फार मोठी. नेहमीच्या पद्धतीच्या भट्टीत ट्रान्सफॉर्मर हा दाब सुमारे २००० व्होल्टपर्यंत चढवतो आणि कपॅसिटर व डायोड मिळून तो जवळपास दुप्पट करतात. तेव्हा कोठे मॅग्नेट्रॉनमधून लहरी निघतात. त्या लहरींचे विद्युत्क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा आंदोलन करते. त्यासरशी अन्नातले पाण्याचे कण इकडून तिकडे वळू पाहतात, परस्परांशी झगडतात, आणि त्या झगड्यातून उष्णता उपजते. म्हणजे एकाच पेटीत दोन संसार नांदत असतात. एक दिसणारा आणि ऐकू येणारा, दुसरा न दिसणारा. दुसऱ्या संसारातला फ्यूज उडाला, डायोड जळाला, कपॅसिटर निकामी झाला किंवा मॅग्नेट्रॉनची जोडणी सुटली, तरी पहिल्या संसाराला त्याचा पत्ताही लागत नाही. तो आपला आनंदाने फिरतच राहतो.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर हे गाव आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचे बन आणि लांबच लांब किनारा. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मराठी भाषेच्या इतिहासात मोलाचा ठरलेला ताम्रपट याच गावचा. १९९७ साली येथील एका वाडीत जमिनीखाली गणेशाचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाकडे प्रवाशांची रीघ लागली. घरोघरी खाणावळी निघाल्या, माजघरांच्या खोल्या पाहुण्यांसाठी सजल्या. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. त्यामुळे त्यानंतरच्या काळात अनेक घरांना बागेपेक्षा खाणावळीचाच आधार अधिक वाटू लागला.

अशाच एका खाणावळीत आम्ही दिवाळीनंतर चार दिवस उतरलो होतो. घरच्या वहिनी एकट्याच सर्व पाहतात. पाहुणे अवेळी येतात, म्हणून त्यांनी मायक्रोवेव्ह घेतला होता. एका रात्री उशिरा आलेल्या कुटुंबासाठी त्यांनी भात आणि वालाचे बिरडे आत ठेवले. घंटा वाजली, पाने वाढली गेली, आणि पहिल्या घासालाच पाहुण्यांनी हात आखडला. वहिनी ओशाळल्या. आपलेच काही चुकले असावे असे समजून त्यांनी पुन्हा बटण दाबले. पुन्हा थाळी फिरली, पुन्हा घंटा वाजली. अखेर गॅस पेटवून वेळ निभावली. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गार अन्न हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान शिजवलेले अन्न दीर्घकाळ राहिले की त्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. घंटेवर विश्वासून कोमट भात वाढणारी माउली पाहुण्याला आजारी पाडू शकते, आणि तिच्या मनात पापाचा लवलेशही नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झाले ते आम्ही कुतूहलाने पाहिले. जवळच्या बोर्लीपंचतनहून एक तरुण कारागीर आला. त्याने लगेच पेचकस काढला नाही. आधी त्याने भट्टी कोणत्या पद्धतीवर व किती शक्तीवर लावली आहे ते पाहिले. कारण शक्ती सर्वांत खाली ठेवलेली असेल तर निरोगी भट्टीही अन्न नीट तापवीत नाही. मग त्याने भिंतीतल्या प्लगचा दाब मोजला. "काकू, संध्याकाळी इथे दिवे मंद होतात का?" त्याने विचारले. हा प्रश्न मोठा मार्मिक होता. विजेचा दाब फार उतरला तर दिवा आणि थाळी कशीबशी चालतात, पण मॅग्नेट्रॉनची शक्ती फार मोठ्या प्रमाणात घटते. दोष पेटीचा नसून तारांचा असतो. त्या सकाळी दाब ठीक होता. मग त्याने एक लिटर पाणी मोजून आत ठेवले, त्याचे तापमान घेतले आणि भट्टी दोन मिनिटे पूर्ण शक्तीवर चालवली. ८०० वॅटची भट्टी तेवढ्या वेळात एक लिटर पाणी सुमारे २० अंशांनी तापवते. येथे पारा हलला नाही. "रिकामी मात्र कधी चालवू नका हं, काकू. पाणी नसेल तर मशीनच जळते," तो जाता जाता म्हणाला.

या साध्या पाण्याच्या परीक्षेत आम्हांस ॲरिस्टॉटल आठवला. सेमिनरीतल्या बाकांवर आम्हांला शिकवले गेले होते की कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार कारणे विचारावीत: ती कशाची बनली, तिचे रूप कोणते, ती कोणी घडवली आणि ती कशासाठी आहे. या चौथ्या कारणाला तो प्रयोजन म्हणतो. डोळ्याचे प्रयोजन पाहणे. ज्याला पाहता येत नाही तो दगडी डोळा केवळ नावाचा डोळा, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्या सकाळी वहिनींच्या ओट्यावरच्या भट्टीत द्रव्य होते, रूप होते, हालचालही होती. प्रयोजन तेवढे हरपले होते. ती त्या घटकेला नावाचीच भट्टी होती. हे कळले कशाने? दिव्याने नाही, घंटेने नाही. एका लिटर पाण्याने. हालचाल स्वतःविषयी साक्ष देते, परंतु कार्याची साक्ष ते कार्य ज्याच्यासाठी आहे तोच देऊ शकतो.

आता कारागिराने पेटी उघडण्याची वेळ आली. वहिनींचा कॉलेजात जाणारा मुलगा आदल्या रात्रीच पेचकस घेऊन सरसावला होता. प्लग काढला की भय कसले, असे त्याचे म्हणणे. आईने त्याला अडवले ते केवळ मशीन आणखी बिघडेल या धास्तीने. पण तिचे अडवणे वाजवी होते. भट्टीतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही हजार व्होल्टचा भार पोटात साठवून ठेवू शकतो, आणि त्याला हात लागणे प्राणावर बेतू शकते. भार आपोआप उतरावा म्हणून आत एक रोधक बसवलेला असतो खरा, पण तोही निकामी झालेला असू शकतो. म्हणून जाणता कारागीर आधी तो भार योग्य साधनाने उतरवतो, मगच हात घालतो. हे ज्याला शिकवलेले नाही त्याने झाकण उघडू नये, हे आम्ही वाचकांना निक्षून सांगतो. आपल्या परंपरेत चार आधारभूत सद्गुण सांगितले आहेत; त्यांत सुज्ञतेला पहिले स्थान आणि धैर्याला नंतरचे. याचे कारण येथे दिसते. सुज्ञतेवाचूनचे धैर्य त्या मुलाच्या हातातल्या पेचकसासारखे असते. शक्ती पाहणे, दाब मोजणे, पाणी तापवून पाहणे इतके प्रत्येकाने करावे. त्यापुढची पायरी कोणाची हे ओळखणे यातही शहाणपण आहे.

कारागिराने झाकण काढले, भार उतरवला, एकेक भाग तपासला. फ्यूज शाबूत, डायोड शाबूत. मॅग्नेट्रॉनच्या तारेची जोडणी मात्र खाऱ्या हवेने गंजून सैल झाली होती व कडेने काळवंडली होती. त्याने ती पिन बदलली, जागा घासून स्वच्छ केली आणि घट्ट बसवली. पुन्हा एक लिटर पाणी, पुन्हा दोन मिनिटे. पारा चढला. मग तो म्हणाला, "काकू, मॅग्नेट्रॉन चांगला आहे. नुसती पिन गेली होती. माझे ६०० रुपये द्या." वहिनींचा चेहरा उतरला. "अरे, एवढीशी पिन बसवली आणि ६०० रुपये?"

आमच्या मते सर्व प्रसंगाचा गाभा या प्रश्नात आहे. तो तरुण "मॅग्नेट्रॉन जळाला, नवा घातला, २००० रुपये" असे म्हणाला असता तर वहिनींनी हळहळत का होईना, विश्वासाने पैसे मोजले असते. खरे बोलल्यामुळे त्याला ६०० रुपयांसाठी घासाघीस सोसावी लागली. आम्ही त्याला नंतर विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "फादर, लोक वस्तूचे पैसे देतात, डोक्याचे देत नाहीत. म्हणून काही जण वस्तू बदलल्याचे सांगतात."

या काही जणांचा पक्ष आपण प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. ते म्हणतील: आमचे ज्ञान खरे, आमचे श्रम खरे, येण्याजाण्याचा खर्च खरा. गिऱ्हाईक या खऱ्या गोष्टींचे मोल देत नाही. म्हणून आम्ही ते खोट्या वस्तूच्या नावाने वसूल करतो. तिचे अन्न तापले, आम्हांस रास्त मजुरी मिळाली. मग कोणाचे काय बिघडले? हा युक्तिवाद दुबळा नाही. रास्त मजुरी हा कामगाराचा हक्कच आहे, आणि तो नाकारणारे गिऱ्हाईकही निर्दोष नाही.

तरीही हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील फसवणुकीची चर्चा करताना असे मत मांडले की, ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल तो दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. उघड दिसणाऱ्या दोषाची गोष्ट निराळी. तो घेणाऱ्याला स्वतः पाहता येतो. या विवेचनाचा रोख न दिसणाऱ्या गोष्टीवर आहे. जेथे समोरच्याला पाहता येत नाही तेथे आपला शब्द हेच त्याचे डोळे असतात. हाच न्याय दुरुस्तीला लावून पाहावा. दोष असून लपवणे जसे अन्यायाचे, तसेच दोष नसता सांगणेही. बदललेल्या मॅग्नेट्रॉनची खोटी गोष्ट ऐकणाऱ्या बाईचे पैशांखेरीज आणखी एक नुकसान होते. आपल्या घरात काय बिघडते आणि का बिघडते, हे जाणण्याचा तिचा हक्क हिरावला जातो. खाऱ्या हवेने पिना गंजतात हे तिला कळले असते तर तिने भट्टी खिडकीपासून दूर ठेवली असती. आता ती असे समजेल की ही यंत्रेच भिकार, आणि पुढच्या वेळी धडधाकट भट्टी भंगारात जाईल. २०२२ साली केंद्र शासनाने ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि त्याच वर्षीच्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांत कितीतरी नवी घरगुती उपकरणे अंतर्भूत झाली. हे योग्यच झाले. परंतु दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळाला तरी दुरुस्तीविषयीचे सत्य कायद्याला देता येत नाही. ते कारागिराच्या जिभेवरच असते.

तिसरे नुकसान सर्वांत मोठे. एकाने खोटा भाग सांगून पैसे घेतले की गावाची समजूत तशीच होते: दुरुस्ती म्हणजे वस्तू बदलणे. मग खरे बोलणारा लुबाडणारा ठरतो आणि खोटे बोलणारा सज्जन ठरतो. सत्याचा बाजारभाव असा हळूहळू उतरत जातो.

परंतु येथे बोट केवळ कारागिराकडे दाखवून चालणार नाही. हा भाव उतरवण्यात आपला, म्हणजे गिऱ्हाइकांचा, वाटा मोठा आहे. डॉक्टरांनी तपासून "काही झालेले नाही, औषधाची गरज नाही" असे सांगितले तर फी देताना आपला हात जड होतो. चार गोळ्या आणि एक इंजेक्शन दिले की तो हलका होतो. शिक्षकाने मुलाला विचार करायला लावले त्यापेक्षा किती वह्या भरल्या ते आपण मोजतो. वकिलाने भांडण कोर्टाबाहेर मिटवले तर त्याने काय केले असे आपण विचारतो. जो न दिसणाऱ्या श्रमाचे मोल देत नाही, तो समोरच्याला दिसणारे नाटक करायला भाग पाडतो. आपल्याला फिरणारी थाळीच हवी असते. मग लोक आपल्याला फिरणारी थाळीच देतात. खोटे बोलणाऱ्याचे पाप त्याचेच आहे, ते आपल्याकडे सरकत नाही. पण खोटे फायद्याचे आणि खरे तोट्याचे ठरवणारी व्यवस्था आपण उभारली, त्याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.

वहिनींनी त्या दिवशी थोडा वेळ विचार केला. मग त्यांनी ६०० रुपये मोजून दिले आणि जुनी काळवंडलेली पिन मागून घेऊन डब्यात ठेवली. आम्हांस हा व्यवहार दोन्ही बाजूंनी न्याय्य वाटला. वाचकांनाही आम्ही हीच रीत सुचवू: दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर पाणी आपल्यासमोर तापवून घ्यावे, काढलेला भाग मागावा, काय झाले होते ते विचारावे, आणि उत्तर खरे असेल तर ते स्वस्त पडले म्हणून कुरकुर करू नये.

अखेरीस यंत्राकडून माणसाकडे वळताना थोडे जपून वळले पाहिजे. चालणारी पण न तापवणारी भट्टी पाहून आपल्याला लगेच अनेक माणसे आणि संस्था आठवतात: ठराव करणारी पण काम न करणारी मंडळे, हजेरी लावणारे पण लक्ष नसलेले सेवक, वेळेवर वाजणाऱ्या घंटा आणि थंड राहिलेली अंतःकरणे. ही आठवण चुकीची नाही. आपापल्या घराला, मंडळाला, धर्मग्रामालाही पाण्याची परीक्षा अधूनमधून लावून पाहावी. किती सभा झाल्या यापेक्षा एखाद्या एकाकी म्हाताऱ्याला त्यामुळे किती ऊब मिळाली, हे विचारावे.

परंतु त्या तरुणाने पहिला प्रश्न कोणता विचारला होता, तेही विसरू नये. संध्याकाळी इथे दिवे मंद होतात का? एखादा माणूस थंड, यांत्रिक, निरुत्साही झालेला दिसला तर दोष त्याच्यातच आहे असे मानण्याआधी त्याच्यापर्यंत दाब पुरेसा पोहोचतो आहे का, हे पाहावे. कित्येक माणसे बिघडलेली नसतात. त्यांच्या घरी, त्यांच्या कामावर, त्यांच्या दुःखात त्यांना कोणाचा आधारच मिळत नसतो. ज्यांच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, त्यांनी काही वर्षे केवळ दिवा लावून थाळी फिरती ठेवली असेल, तर तेही थोडे नव्हे. आणि भट्टीचे प्रयोजन संपले की तिला भंगारात देता येते. माणसाचे मोल मात्र त्याच्या उपयोगावर ठरत नाही. म्हणून माणसाच्या बाबतीत पेचकस सर्वांत शेवटी हाती घ्यावा, आणि तोही ज्याला आतला साठलेला भार हळुवारपणे उतरवता येतो त्यानेच घ्यावा.